कॉम्प्युटर सुरू होत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासायचं

“कॉम्प्युटर सुरू होत नाहीये,” असं दुकानात सांगितलं की बहुतेक वेळा उत्तर तयार असतं: “विंडोज उडाली असेल, फॉरमॅट मारावा लागेल.” या उत्तराला लगेच मान डोलावू नका. बंद पडलेल्या डेस्कटॉपचं दुखणं पुष्कळदा विंडोजच्या बरंच आधी असतं. यूपीएसची बॅटरी संपलेली असते, रॅमच्या पिना काळवंडलेल्या असतात, नाहीतर साफसफाईत मागची वायर सैल झालेली असते. यातलं काहीही फॉरमॅटने बरं होत नाही. जातात ते मुलांचे फोटो आणि सोसायटीचे हिशोब.

खालची पद्धत विंडोज असलेल्या डेस्कटॉपसाठी आहे, मग तो असेंबल केलेला असो की कंपनीचा. लॅपटॉप उघडणं हे वेगळंच काम आहे, पण शेवटी विंडोज आणि डेटाबद्दल जे सांगितलंय ते लॅपटॉपलाही चालतं. हाताशी स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, पांढरं खोडरबर, कोरडा मऊ ब्रश आणि फोटो काढायला मोबाइल ठेवा. मल्टिमीटर असला तर सोन्याहून पिवळं.

आधी ठरवा, नेमकं कुठे अडलंय

बटण दाबल्यावर सगळं ठरलेल्या क्रमाने घडतं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, वीज देतो आणि ती स्थिर झाली की मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला, तसा इशारा करतो. मग प्रोसेसर कामाला लागतो आणि बायोस, म्हणजे बोर्डावरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, चालू होतो. बायोस रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, तेव्हा कुठे पडद्यावर पहिलं चित्र येतं. त्यानंतर तो डिस्क शोधतो आणि पुढचा कारभार विंडोजच्या हाती देतो. या वाटेवर कॉम्प्युटर जिथे थांबतो, दोष तिथेच किंवा त्याच्या एक पाऊल आधी असतो.

म्हणून “सुरू होत नाही” ही एक तक्रार नाही, चार आहेत. बटण दाबलं तरी ना दिवा लागतो ना पंखा फिरतो, ही पहिली. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते, ही दुसरी. कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ येऊन सगळं थांबतं, ही तिसरी. विंडोजचे ठिपके फिरतात, मग निळी स्क्रीन किंवा पुन्हा रीस्टार्ट, आणि हेच चक्र चालू राहतं, ही चौथी. तुमची कुठली ते ओळखा आणि थेट त्या भागाकडे जा. डिस्प्लेच येत नसताना विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. तिची पाळी अजून आलेलीच नसते.

एक प्रश्न मात्र चौघांनाही सारखाच विचारायचा: काल चालत होता, मग मधे काय घडलं? वीज गेली होती का, ढग गडगडत होते का, कोणी टेबल हलवलं का, नवी रॅम टाकली का, रात्री अपडेट चालू असताना कोणी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं का? उत्तर घरातच मिळतं, पण आधी कोणी कबूल होत नाही.

आणि एका वेळी एकच बदल करा. रॅम काढली, केबल बदलली, मदरबोर्डवरचा सेल काढला आणि मग सुरू झाला, तर कशाने झाला हे कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बंद पडला की सगळं पहिल्यापासून.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही

भिंतीपासून सुरुवात करा. ज्या सॉकेटला कॉम्प्युटर जोडलाय त्यातच मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा. मग एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला काढा आणि कॅबिनेटची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्टची एकच छोटी बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. मग यूपीएसचा हिरवा दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं, आणि कॉम्प्युटरचं बटण दाबताच भार पेलत नाही म्हणून तो टीं टीं करून बंद होतो. काही यूपीएस तर बॅटरी पूर्ण गेली की मेन लाइन असूनही चालू होत नाहीत. थेट भिंतीवर कॉम्प्युटर चालला तर बॅटरी बदला, विषय संपला.

नाही चालला तर पॉवर कॉर्ड दोन्ही टोकांना घट्ट दाबा. मॉनिटरची कॉर्ड बहुधा त्याच प्रकारची असते, ती लावून पाहा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचं छोटं बटण असतं. रेघेची बाजू म्हणजे चालू, गोलाची बाजू म्हणजे बंद. झाडू मारताना ते दाबलं जाणं फार सर्रास घडतं. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेला लाल स्लायडर असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून वीज दिली तर एसएमपीएस फटाक्यासारखा आवाज करून जातो.

आता कॉर्ड काढून ठेवा, समोरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा लावून बघा. विजेचा झटका आला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो आणि साठलेली वीज पूर्ण उतरेपर्यंत तसाच अडून राहतो. वीज ये-जा करत असेल त्या दिवशी पुष्कळ मशीन एवढ्यावरच उठतात.

इथपर्यंत यश आलं नाही तर कॅबिनेट उघडायचं. कॉर्ड काढलेलीच हवी. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कॉर्ड लावलेली असताना एरवी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतला फिल्टर बॉडीला जोडलेला असतो. अर्थिंग नसलं की कॅबिनेटवर थोडी वीज तरंगत राहते. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक केवळ शोभेचं असतं. कॉम्प्युटर आज सुरू झाला तरी वायरमनला बोलावून हे काम करून घ्या, नाहीतर यूएसबी पोर्ट, पेन ड्राइव्ह आणि मदरबोर्ड एकेक करून त्रास द्यायला लागतात.

आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. कधीच नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

आत बघताना पहिल्यांदा सगळ्याचा फोटो काढून ठेवा. मदरबोर्डला एसएमपीएसच्या दोन मुख्य वायरी येतात: रुंद २४ पिनांची, आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची. दोन्ही काढून ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा. मग कॉर्ड लावून मदरबोर्डवर एखादा दिवा लागतो का ते पाहा. पुष्कळ बोर्डांवर असा दिवा असतो. तो लागला तर कॉम्प्युटर बंद असतानाही मिळणारी ५ व्होल्टची वीज येते आहे, म्हणजे एसएमपीएस अगदीच मेलेला नाही.

मग संशय समोरच्या बटणावर घ्या. ते स्वस्त प्लास्टिकचं असतं आणि आत बसून जातं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांची दोन ओळींची जागा असते, तिथे पॉवर स्विच आणि रीसेट स्विचच्या छोट्या जोडण्या असतात. पॉवरची जोडणी काढून तिच्या जागी रीसेटची लावा आणि रीसेटचं बटण दाबा. कॉम्प्युटर चालू झाला तर बटण खराब होतं, बाकी काही नाही. तसंच ठेवलं तरी वर्षानुवर्षं चालतं. पाहुण्यांना तेवढं सांगावं लागतं की चालू करायला लहान बटण दाबा.

बटणही निर्दोष असेल तर एसएमपीएसची परीक्षा. कॉर्ड काढा, एसएमपीएसच्या सगळ्या वायरी मदरबोर्ड, डिस्क आणि कार्डपासून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर एकच असते. तिचं आणि शेजारच्या काळ्या वायरीचं भोक प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरच्या तुकड्याने जोडा आणि मग कॉर्ड लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो चालू होतो आहे. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीला ११.४ ते १२.६, लाल वायरीला ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी वायरीला ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. सगळ्या वायरी काळ्या असतील तर ही चाचणी अंदाजाने करू नका. शिवाय एक लक्षात ठेवा, पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस पास झाला असं नाही. भार नसताना व्होल्टेज बरोबर दाखवणारा एसएमपीएस खऱ्या भाराखाली बसू शकतो. उलट काही चांगल्या एसएमपीएसचे पंखे भार कमी असला की मुद्दामच फिरत नाहीत. खरी परीक्षा म्हणजे शेजारच्या चालू कॉम्प्युटरचा एसएमपीएस तासाभरासाठी उसना आणून लावणं.

नवा घ्यायची वेळ आली तर कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या जातीचा घेऊ नका. खोक्यावर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं आणि डबा हातात घेतला तर रिकाम्यासारखा हलका लागतो. कार्यक्षमतेचा ‘८० प्लस’ (एटी प्लस) शिक्का आणि काही वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. घरगुती कॉम्प्युटरमध्ये पैसे वाचवायच्या पुष्कळ जागा आहेत, ही त्यातली नव्हे.

याच भागात येणारी आणखी एक तक्रार: पंखा क्षणभर फिरतो आणि बंद. याचा अर्थ बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. समोरच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारा. पेन ड्राइव्ह उलटा घुसवल्याने आतली जीभ वाकून पिना पत्र्याला चिकटतात. काही बोर्ड अशा वेळी यूएसबीवर ‘ओव्हर करंट’ असल्याचा संदेश दाखवून १५ सेकंदांत बंद होतात. समोरच्या यूएसबीची वायर मदरबोर्डवरून काढा आणि चालवून बघा. बोर्डाखाली घरंगळलेला एखादा स्क्रू, प्रोसेसरजवळची राहून गेलेली वायर आणि एका कोपऱ्यातून उचकटलेला कूलर हे बाकीचे नेहमीचे आरोपी. इंटेलचे मूळ कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतात आणि त्यातली एक सुटली तरी प्रोसेसर झपाट्याने तापतो. तापून बंद पडणारा कॉम्प्युटर थंड झाल्यावर पुन्हा थोडा वेळ चालतो, ही त्याची ओळख.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

सर्वांत जास्त मशीन इथे अडतात, आणि घरच्या घरी सर्वांत जास्त सुटतातही इथेच.

आधी मॉनिटर. ‘नो सिग्नल’ असं लिहून येत असेल तर मॉनिटर ठणठणीत आहे, त्याच्याकडे चित्रच पोचत नाही. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदला, दुसरी केबल लावा, जमलं तर घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डला लावलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ आय५ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५ ५६०० चंही तेच. अशा मशीनमध्ये मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टमधून चित्र कधीच येणार नाही.

मग कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग कॉम्प्युटर आतून चालू आहे आणि अडचण फक्त चित्राची आहे. दिवा हलतच नाही? मग बायोसची तपासणीच बहुधा पुरी झालेली नाही.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असं लिहिलेलं असतं. सुरू होताना ते क्रमाने लागतात आणि विझतात. जो लागून राहिला, त्याच्यापाशी घोडं अडलं. जुन्या बोर्डांना हेच काम बीप करत असत. आता कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकर बहुधा नसतोच, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो आणि बोर्डावर चार पिनांच्या जागी बसतो. किती आणि कसे बीप म्हणजे काय, हे बायोसच्या कंपनीनुसार बदलतं, म्हणून बोर्डाचं मॅन्युअल उघडा. सर्वसाधारणपणे एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, आणि न थांबता चाललेले लांब बीप म्हणजे रॅमची बोंब.

रॅमकडे नीट वेळ द्या. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत इतका ओलावा असतो की बंद ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पिनांवर थर चढतो. गणपतीला गावी गेलात, घर बंद होतं, परत येऊन बटण दाबलं आणि डिस्प्ले गायब, तर आधी रॅमच काढा.

कॉर्ड काढा. स्लॉटच्या टोकाची खटकी दाबून रॅम उचला. काही बोर्डांना खटकी एकाच बाजूला असते. सोनेरी पिनांना बोटं लावू नका. पांढऱ्या खोडरबराने पिना दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा. हे काम कॅबिनेटपासून लांब करा, रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवं लचांड. मग स्वच्छ कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या. स्लॉट ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारायचा मोह सगळ्यांना होतो, पण फुंकरीबरोबर ओलसरपणा आत जातो.

बसवताना रॅमची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. खाच मध्यावर नसते, त्यामुळे रॅम एकाच बाजूने बसते. अंगठ्यांनी दोन्ही टोकं सरळ खाली दाबा. पहिल्यांदा करणारे घाबरून अर्धवटच बसवतात. खटकीचा आवाज आला तरच बसली असं समजा. दोन कांड्या असतील तर आधी एकच लावा. चार स्लॉट असतील तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, कारण बहुतेक बोर्डांना एकटी कांडी तिथेच हवी असते. नाही चाललं तर दुसरी कांडी त्याच स्लॉटमध्ये. तरीही नाही, तर स्लॉट बदला. अशाने कांडी खराब आहे की स्लॉट, याचा निकाल लागतो. कांडी खराब निघाली तर फेकू नका. नामांकित कंपन्या रॅमला पुष्कळ वर्षांची वॉरंटी देतात, काही तर आजीवन.

डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनबद्दल एक इशारा. रॅम बदलल्यावर किंवा बायोसचं सेटिंग पुसल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी सूर जुळवत बसतो आणि तोवर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. मधे आपोआप बंद-चालूही होतो. अस्वस्थ होऊन बटण दाबलंत तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. दहा-पंधरा मिनिटं त्याच्या नादी लागू नका.

यानंतर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल. सीआर २०३२ या नावाने घड्याळवाल्याकडेही मिळतो. नवा असताना ३ व्होल्ट देतो. प्रत्येक वेळी चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर तो संपलाय. काही बोर्ड सेल संपल्यावर विचित्र वागतात आणि डिस्प्लेच देत नाहीत. कॉर्ड काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की बायोसची सेटिंग मूळपदावर येतात, आणि बिघडलेल्या सेटिंगने अडलेलं मशीन सुटतं.

पण सेल काढण्याआधी थांबा. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केलं की अनेक मशीनवर डिस्कला बिटलॉकर जातीचं कुलूप आपोआप लागतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसची सेटिंग बदलली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती त्याच खात्यात, मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगइन करून ती आधी कागदावर उतरवून घ्या. दुसरं म्हणजे, मूळपदावर आलेल्या बायोसमध्ये डिस्कचा मोड बदललेला असू शकतो. मग डिस्प्ले येतो, पण विंडोज निळी स्क्रीन दाखवते आणि माणूस म्हणतो, एक बरं करायला गेलो आणि दुसरं बिघडलं. शक्य असेल तर जुन्या सेटिंगचे फोटो एरवीच, मशीन धडधाकट असताना काढून ठेवा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढून, पिना पुसून परत बसवा आणि त्याची वेगळी पॉवर वायर नीट लागली आहे का ते पाहा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड बाजूला ठेवून मॉनिटर बोर्डला लावून बघा.

एवढं करूनही अंधार असेल तर अनावश्यक सगळं सोडवा: डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, समोरचे यूएसबी, प्रिंटर, वायफाय कार्ड. उरू द्या बोर्ड, कूलरसह प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही. अजून धीर असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवा, म्हणजे पत्र्याला लागून होणारं शॉर्ट वगळलं जातं. बोर्ड हातात आहे तोवर त्यावरचे उभे गोल कपॅसिटर बघा. माथा फुगलेला किंवा तपकिरी चिकट रस आलेला असेल तर निदान झालं. गावाकडच्या घरांत मुंग्यांनी बोर्डवर संसार थाटलेला असतो किंवा कोपऱ्यात पालीची अंडी सापडतात; ब्रशने झाडा, फवारा मारू नका. इथेही काही दिसलं नाही तर दोष बोर्डचा समजा. प्रोसेसर स्वतःहून क्वचितच जातो.

लोगो येतो आणि तिथेच थांबतो

इथे काम सोपं आहे. मागेपुढे लावलेले सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर आणि बाहेरच्या डिस्क काढा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ हा संदेश पुष्कळदा विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हमुळे येतो. ‘सीपीयू फॅन एरर’ आलं तर आत बघा, पंख्यात एखादी वायर अडकलेली असेल.

मग चालू करताच डिलीट किंवा एफ२ टकटकत राहा, बायोस उघडेल. तिथे तुमची डिस्क दिसते का? दिसत नसेल तर कॉर्ड काढून डिस्क बोर्डला जोडणारी सॅटा केबल आणि डिस्कची पॉवर वायर काढून परत लावा, दुसरी केबल लावा, दुसरा पोर्ट वापरा. बोर्डावर आडवी बसणारी एसएसडी असेल तर तिचा स्क्रू काढून ती परत बसवा. दिसत असेल तर बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आहे का ते पाहा आणि सेव्ह करून बाहेर पडा.

जुन्या हार्ड डिस्कमधून लयीत टक-टक आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी डेटा वाचायची शक्यता घटते. तिच्यावर काही मोलाचं असेल तर ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

विंडोज सुरू होता होता अडते

अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर आधी वाट बघा. हार्ड डिस्कच्या मशीनवर दोन तासही लागतात. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

खरंच अडली असेल तर विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत जायचं. ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच ‘ऑटोमॅटिक रिपेअर’कडे वळते. वळली नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून बूट करा आणि ‘इन्स्टॉल’ सोडून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा. पेन ड्राइव्ह रिकामा असू द्या, त्यावरचं सगळं पुसलं जातं.

पुढे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. मी सुचवेन तो क्रम असा: आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचं क्वालिटी अपडेट काढणं, विशेषतः बिघाड अपडेटनंतर झाला असेल तर. मग ‘सिस्टिम रिस्टोअर’, जर आधीची एखादी तारीख दिसत असेल तर. याने तुमच्या फाइल जात नाहीत, फक्त त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं, ड्रायव्हर आणि अपडेट जातात. शेवटी ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ४ दाबून सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज उघडली तर डिस्क आणि विंडोज बऱ्यापैकी शाबूत आहेत. त्रास बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा (म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा अँटिव्हायरसचा आहे. नुकतंच जे टाकलं असेल ते काढा.

सेफ मोड किती कामाचा आहे हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. उपाय मात्र छोटा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नव्हती. अनेक ठिकाणी वेळ गेला तो बिटलॉकरच्या किल्ल्या शोधण्यात.

‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय दिसेल आणि त्यात ‘कीप माय फाइल्स’ही असेल. नाव धीर देणारं असलं तरी फाइल राहतात आणि बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअरं जातात. श्रीलिपीसारखं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचे फाँट, टॅलीचं लायसन्स हे सगळं पुन्हा उभं करायला लागतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा, जुने फाँट गेले की काय होतं.

पुसण्याआधी डेटा बाहेर काढा

विंडोज उघडत नाही म्हणजे फाइल गेल्या असं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघायचा पर्याय घ्या. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप नसेल तर तुमची विंडोजची डिस्क फोल्डरसारखी दिसेल. बाहेरची डिस्क लावा आणि कॉपी करा. हे जमत नसेल तर डिस्क काढून सॅटा ते यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डिस्क कुरकुरत असेल तर कॉपी होईपर्यंत चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवू नका. दुखऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास रगडतं आणि उरलंसुरलं जातं.

काय घ्यायचं ते आधी लिहून काढा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स सगळे घेतात. टॅलीचा डेटा बऱ्याचदा टॅलीच्या स्वतःच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये असतो, तो राहतो. आउटलुकच्या मेलची फाइल, फाँटचा फोल्डर, मुलाच्या गेमचे सेव्ह आणि ब्राउझरमधले बुकमार्क हेही.

दुकानात नेताना

काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून द्या: दुसऱ्या एसएमपीएसवरही तेच, दोन्ही रॅम एकेक करून बघितल्या, डीरॅमचा दिवा लागून राहतो. असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला फॉरमॅटची गोळी सहसा दिली जात नाही. डिस्प्लेच येत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा, बोर्ड तपासायला तिची गरज नाही. रॅम आणि ग्राफिक्स कार्डच्या सीरियल नंबरचे फोटो काढा, बदललेला जुना भाग परत मागा आणि कुठल्या भागाची वॉरंटी उरली आहे ते बिल काढून बघा.

बोर्ड गेला असेल तर हिशोब करा. जुन्या पिढीचे वापरलेले बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधले तर मिळतात, पण त्यावर फार खर्च करू नका. विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. त्याहून जुनं मशीन असेल तर वापरलेला बोर्ड घेण्यापेक्षा नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घेतलेली बरी. कॅबिनेट, मॉनिटर, चांगला असेल तर एसएमपीएस, आणि जुनी एसएसडी तशीच पुढे चालते. फक्त तिच्यावरचा डेटा आधी दुसरीकडे उतरवून मग नव्या बोर्डाला लावा.